हूं, पुढं

वाक्य तोंडातून निसटलं आणि वर मी पूर्णविरामही म्हणून मोकळी झाले. हातातल्या प्रतीत लिहिलं होतं, ‘झोप लागल्याचे सोंग करून तो पडून राहिला.’ मी वाचलं, “मुलीचा फोन आल्याचे सोंग करून तो जिना उतरला, पूर्णविराम.” आवाज नेहमीचाच, सपाट, सकाळपासून शब्दकोश मोठ्यानं वाचत बसलेल्या बाईचा असतो तसा. आमचं काम असं आहे. इंग्रजी शब्द, त्याचे मराठी अर्थ, आणि तो कसा वापरायचा ते दाखवणारी दोन-तीन वाक्यं. मूळ प्रत माझ्या हातात, छापून आलेलं प्रूफ टेबलाच्या पलीकडे मास्तरांच्या पुढ्यात. मी विरामचिन्हांसकट वाचायचं, त्यांनी पेन्सिलीचं टोक ओळीवरून फिरवत जुळवत जायचं. जुळलं की “हूं, पुढं.” चुकलं की “थांबा.” मास्तरांच्या ह्या थांबाला सगळं कार्यालय टरकून असायचं. एक अनुस्वार पुसट आला तरी थांबा, शब्दांत जास्तीची फट पडली तरी थांबा. तर मी आता त्या थांबाची वाट बघत बसले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले, डोकं दुखतंय म्हणावं, ओळ चुकली म्हणावं. मास्तरांची पेन्सिल ओळीच्या शेवटापर्यंत गेली, समासात छोटी बरोबरची खूण झाली, आणि ते म्हणाले, “हूं, पुढं.”

मी पुढचं वाचलं. वाचता वाचता त्यांच्या पुढ्यातला कागद बघायला लागले. इतकी वर्षं समोरासमोर बसून मला उलटं वाचता येतं. शिरोरेषा खाली आणि अक्षरं तिच्यावर उभी, एवढाच काय तो फरक. ‘प्रिटेंड’च्या पहिल्याच अर्थात छापलं होतं, ‘सोंग करणे करणे’. दोनदा. ठळक. शेंबड्या पोराला दिसली असती अशी चूक, आणि पेन्सिल तिच्यावरून सावकाश, अदबीनं निघून गेली होती. मग मला एकेक दिसायला लागलं, म्हणजे दिसलेलं आठवायला लागलं. चहाचा कप उचलताना ते आधी बोटं टेबलावरून सरकवत नेतात. मी म्हणायची, वय झालं. दार उघडून कोणी आलं की आताशा ते मान वर करत नाहीत, “या” म्हणतात आणि त्या माणसानं काहीतरी बोलायची वाट बघतात. भिंग वापरायचे, ते एक दिवस खणात गेलं. मी विचारलं तर म्हणाले, “उगाच सवय लागते हो त्याची.” आणि मी मूर्ख, मला कौतुक वाटलं. ह्या वयात भिंग सुटलं! भिंगानंही दिसेनासं झालं म्हणून ते खणात गेलं होतं, हे आता त्या दोन करणेंकडे बघताना माझ्या डोक्यात शिरलं. किती पानं अशी गेली असतील कोण जाणे. पण खरं सांगायचं तर मला पानांचं काही वाटलं नाही. मला वाटलं, म्हणजे मी आत्ता बोलले ते मास्तरांनी ऐकलं आणि ते छापलेलंच आहे असं धरून चालले. जे मी कुणापुढे बोलले नव्हते ते मी बोलले आणि छत काही कोसळलं नाही.

ह्या प्रिटेंडवरून आमच्याकडे दोन दिवस खल झाला होता. आमच्या संपादक मॅडमचं म्हणणं, पहिला अर्थ ‘ढोंग करणे’. मास्तरांचं म्हणणं, ढोंगात पाप आहे, ह्या शब्दात पाप नाही, सोंग घाला. सोंग उतरवता येतं. मग बतावणी करणे, आव आणणे, बहाणा करणे, वेड पांघरणे, सगळी मंडळी रांगेत उभी राहिली. एखाद्या गोष्टीवर हक्क सांगणे हाही एक अर्थ, जुना, राजेलोकांच्या कामाचा, तो तळाशी ढकलला. आणि मुलांच्या बोलण्यातला अर्थ, ‘खोटं-खोटं’. तो मी सुचवला होता. लहानपणी आम्ही बहिणी रिकाम्या कपातून चहा प्यायचो, खोटं-खोटं. फुंकर घालून प्यायचो, कारण तो खोटं-खोटं गरम असायचा. एकदा बहिणीनं खरंच जीभ भाजली म्हणून भोकाड पसरलं आणि आईनं तिला साखर चाटवली. आमच्या मुलीला मी ही गोष्ट सांगायची तेव्हा तिला ती फार आवडायची. ती विचारायची, “पण आई, साखर खरी होती?” तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. खरी होती म्हटलं की तिचं समाधान व्हायचं.

आमची मुलगी आमच्याशी बोलत नाही. हे वाक्य इतकं लहान आहे, आणि ते मला आमच्या घरात म्हणता येत नाही. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, काहीतरी धरायला असतं. ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली, पोचल्यावर फोन केला, मग आठवड्यानं केला, मग महिन्यानं, मग तिचा नंबर लागेना, आणि पत्ता बदलला. सुखरूप आहे एवढं इकडून तिकडून कळतं. मी काय केलं, ह्यांनी काय केलं, लहानपणापासून उजळणी करून झाली. मारलं नाही, काही कमी पडू दिलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही. रात्री पडल्या पडल्या मी ह्यांना म्हणायची, “आपण जाऊन बघू या का?” हे म्हणायचे, “कामात असेल गं. करेल.” करेल, करेल. मग ह्यांनी एक दिवस तिला फोन करायलाच लावला. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी जिन्यात विचारलं, काय म्हणते लेक, तर हे सहज म्हणाले, “काल रात्रीच फोन होता. सर्दी झाली होती, आता बरी आहे.” मी मागे पिशवी घेऊन उभी. क्षणभर मला वाटलं खरंच आला होता, मी झोपले असताना. तेव्हापासून दर रविवारी फोन येतो. तिचं वजन वाढतं, घरमालक कटकट करतो, तिनं नवीन बूट घेतले ते चावतात. हे इतकं बारीक रचतात की मलाही मुलीची खबर जिन्यातच मिळते. ते सोंगाचं वाक्य निसटलं त्या दिवशी सकाळी तिला बढती मिळाली होती. शेजारी म्हणाले, पेढे कधी, आणि हे हसले आणि उरलेला जिना ताठ मानेनं उतरले. मला त्यांचा राग येतो आणि त्यांची दयाही येते, आणि दोन्ही येऊन येऊन आता मला फक्त झोप येते.

घरी मी बोलते तेव्हा हे मोबाइलमध्ये बघत “हूं” म्हणतात. एकदा कामावरून डोकं इतकं शिणलं होतं की मी म्हटलं, “आमटी गरम आहे, स्वल्पविराम, जपून.” ह्यांनी हूं म्हटलं आणि जीभ भाजून घेतली. आधी हसू आलं मला. मग आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. इतकं काय वाटायचं त्यात, पण वाटलं.

मास्तरांचं मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं, पुस्तक मुलांच्या हातात जायचं होतं. पण सांगितलं असतं तर त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं असतं, हार घालून, दोन शब्द बोलून. घर म्हणजे भाचीचं. बायको गेल्यावर ते तिथं राहायला गेले. भाची वाईट नाही. पण मास्तर मला एकदा म्हणाले होते, “सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो ना बाई, तोवर मी त्या घरातला माणूस. घरी बसलो की सामान.” मग मी दोन्हीकडचं काम अंगावर घेतलं. हातातली प्रत अर्धी पाठ, अर्धी नजरेनं उचलायची, मोठ्यानं वाचायची, आणि डोळे टेबलापलीकडच्या उलट्या ओळींवर. चूक दिसली की मनात धरून ठेवायची. ते डबा खायला उठले की त्यांची पेन्सिल घेऊन, त्यांच्यासारखी तिरकी रेघ मारून, समासात दुरुस्ती करायची. संध्याकाळी मान अशी धरायची की बसमध्ये शेजारच्या बाईशी बोलायला सबंध वळावं लागायचं. मॅडम पानं चाळून म्हणाल्या, “मास्तरांची नजर अजून बघा! आपण तरुण माणसं चष्मे पुसत बसतो.” मास्तर नम्रपणे हसले. मीही हसले. वाटलं, बाई गं, काय हे आपण मांडून बसलोय.

आणि रोज एक वाक्य. ते माझं. आधी वाटलं होतं एकदा निसटलं ते निसटलं, पण दुसऱ्या दिवशी ‘प्रिव्हेंट’पाशी जीभ आपोआप वळली. “तिला मुलीच्या खोलीतली चादर बदलण्यापासून कोणी अडवले नाही, पूर्णविराम.” हूं, पुढं. ‘प्रायव्हेट’ला वाचलं, “ती न्हाणीघरात नळ सोडून रडते, पूर्णविराम.” हूं, पुढं. शब्दकोशातली वाक्यं फार सोयीची असतात हो. तो, ती, कोणीतरी. त्यांना नाव नसतं, गाव नसतं, एका ओळीत त्यांचं काय व्हायचं ते होतं आणि पुढचा शब्द येतो. मला कधी वाटलं नव्हतं की त्यांतल्या एका तीमध्ये मी अशी मावेन. सकाळी जिन्यात ह्यांच्या मागे उभी असताना मी आजचं वाक्य ठरवायला लागले. त्या वाक्यापर्यंतचा दिवस काढता यायचा, आणि त्याच्यानंतर अंग हलकं व्हायचं, ताप उतरल्यावर होतं तसं. घरी जाऊन मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या एक दिवस.

पण माणसाचं मन असं की त्याला थोड्यावर भागत नाही. आधी मला पुरे होतं की त्यांना दिसत नाही. मग मला वाटायला लागलं की त्यांना ऐकू तरी येतंय का. म्हणजे कान शाबूत आहेत, पण ते ऐकतात का? का हा हूंही घरातल्यासारखाच, आत कोणी नसलेला? दिवसभर पेन्सिल सरकवत बसायचं, बाईचा आवाज थांबला की हूं म्हणायचं, पाच वाजले की घरी जायचं. मला हे सहन होईना. एक दिवस मी चक्क वाचलं, “उंटाने टोपी घातली, स्वल्पविराम, आणि तो बँकेत खाते उघडायला गेला, पूर्णविराम.” आणि श्वास धरून बसले. मास्तरांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. समासात खूण झाली. “हूं, पुढं.” मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. म्हणजे इतके दिवस मी भिंतीला सांगत होते. भिंत तरी हूं म्हणत नाही, फसवत नाही. त्यानंतर चार-पाच दिवस मी माझं वाक्य घातलं नाही. छापलेलंच वाचलं, मुकाट्यानं, उलट्या ओळी तपासल्या, मान धरून घरी गेले. मास्तर एकदा म्हणाले, “बाई, बरं नाही का तुम्हाला?” म्हटलं, “नाही, का?” म्हणाले, “काही नाही. सरळ वाचताय.” मला वाटलं, त्यांना भरभर म्हणायचंय.

मग परवा माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती कामानिमित्त मुलीच्या शहरात गेली होती. पडद्यांच्या दुकानात शिरली तर समोर आमची मुलगी. निळे पडदे बघत होती, बारीक फुलांचे. मी म्हटलं, “कशी दिसते?” बहीण म्हणाली, “छान आहे की. केस कापलेत. मला बघून पटकन जवळ आली, मावशी म्हणून हात धरला. मी विचारलं, आईशी बोलतेस की नाही? तर म्हणाली, बोलते ना, दर रविवारी.” आणि मग बहीण म्हणाली, “मला बाई उगाच वाटत होतं तुमच्यात काही बिनसलंय. बोलता ना गं तुम्ही?” फोन कानाला तसाच होता. स्वयंपाकघरातून मला हे दिसत होते, मोबाइलमध्ये बघणारे. मला ह्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, ऐका, तुमचा फोन तिकडेही जातो. तिथंही रविवारच ठरलाय. मी काही सांगितलं नाही. रात्रभर तिचे कापलेले केस डोळ्यांपुढे आणून बघितले, पण मला ते नीट जमले नाहीत, लांब केसच येत होते.

काल संपादक मॅडम आमच्याच खोलीत बसल्या होत्या. ‘पी’चा सगळा गठ्ठा संध्याकाळपर्यंत छापायला जायचा होता, म्हणून खिडकीपाशी खुर्ची ओढून त्या आमच्याकडून निघालेली पानं लगोलग बघत होत्या. माझं वाचन त्यांना पंख्याच्या घरघरीसारखं, चालू असलं तरी ऐकू न येणारं. मी ‘प्रॉमिस’ वाचत होते. मला झोप नव्हती, डोळे चुरचुरत होते, समोरच्या उलट्या ओळी एकमेकींत शिरत होत्या. मी ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते. छापलेलं वाक्य संपलं आणि मी थांबलेच नाही. “पडद्यांच्या दुकानात तिची मावशी भेटली, पूर्णविराम.” हूं, पुढं. “मावशीने विचारले, स्वल्पविराम, आईशी बोलतेस का, प्रश्नचिन्ह.” हूं, ते म्हणाले. पुढं म्हणाले नाहीत. “मुलगी म्हणाली, स्वल्पविराम, बोलते ना, स्वल्पविराम, दर रविवारी, पूर्णविराम.” ह्यावर काहीच आलं नाही. पेन्सिल ओळीच्या मध्येच उभी राहिली. मास्तरांनी ती आडवी ठेवली. घरंगळत ती टेबलाच्या कडेला गेली, त्यांनी धरायचा प्रयत्न केला नाही, आणि ती खाली पडली.

“मग?” मास्तर म्हणाले.

मला कळलंच नाही आधी. मी प्रतीत बघायला लागले, ‘मग’ नावाचा शब्द कुठे आहे ते शोधायला लागले, इतकी मी बावळट. मग कळलं, ते मला विचारत होते. खिडकीपाशी मॅडमनी मान वर केली होती. मी मास्तरांना डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा, मॅडम आहेत, आणि डोळ्यांनी खुणावून त्यांच्यापुढे काय उपयोग हेही त्याच वेळी कळलं. म्हणून घाईघाईनं म्हणाले, “पुढचा शब्द, प्रमोट.”

“ते राहू द्या,” मास्तर म्हणाले. “मग काय झालं?”

“काही चुकलंय का मास्तर?” मॅडम उठून आल्या. “पान थांबवू का?”

“पान बरोबर असेल. पानं ह्या बघतात, माझ्या समोरून, उलटी. मला दिसत नाही मॅडम. बरेच दिवस झाले.” हे त्यांनी चहा नको म्हणावा तसं सांगितलं. “त्याचं आपण नंतर बोलू. मी कुठे पळून जात नाही. आत्ता जरा थांबा, ह्यांचं बोलणं अर्धवट राहिलंय.”

मॅडम तिथंच उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात आमची पानं होती, आणि त्या एकदा त्या पानांकडे आणि एकदा मास्तरांकडे बघत होत्या. मला वाटलं ओरडावं, हे काय करून बसलात, उद्यापासून कुठे जाणार तुम्ही डबा घेऊन? इतके दिवस मान मोडून मी तुम्हाला ह्या खुर्चीत धरून ठेवलं आणि तुम्ही एका शब्दावर उठलात! पण मास्तर माझ्याकडे बघत होते. अगदी माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या खांद्याच्या थोडं पलीकडे, जिथं त्यांच्या हिशेबानं माझा चेहरा असावा. मी नकळत तेवढी डावीकडे सरकले.

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्या बहिणीनं मग तुम्हाला विचारलंच असेल की, बोलता का म्हणून. तुम्ही काय म्हणालात?”

“हो म्हणाले,” मी म्हटलं. “म्हटलं, बोलतो ना, दर रविवारी. मुलीला खोटं पाडवेना हो मास्तर.”